काळी पडलेली गादी

साबणाने डाग निघतो, हे कोणत्याही आईला शिकवावे लागत नाही. एका आजारात मात्र हा घरगुती नियम उलटा फिरतो. बाळाने ओले केलेले दुपटे थोडा वेळ तसेच राहिले की त्यावर तपकिरी डाग उमटतो, आणि साबण लावून चोळावे तसा तो निघण्याऐवजी आणखी गडद होत जातो. लघवी होते तेव्हा तिचा रंग नेहमीसारखाच असतो. हवा लागली की ती काळवंडू लागते आणि साबणातली अल्कली ही काळवंडण्याची क्रिया झपाट्याने करते. या आजाराचे नाव अल्काप्टोन्युरिया. अडीच लाख ते दहा लाख माणसांत एखाद्यालाच तो असतो. बाळाच्या दुपट्यावरचा हा डाग आणि तेच बाळ पन्नाशीला आल्यावर त्याच्या गुडघ्यात कोळशासारखी काळी पडून तडकलेली गादी, या दोहोंचा संबंध उलगडायला वैद्यकाला शतके लागली. रंग सगळ्यांना दिसत होता. त्या रंगासोबत येणारा कडकपणा कोणी मोजलाच नव्हता.

काळ्या लघवीच्या नोंदी जुन्या आहेत. 1584 मध्ये स्क्रिबोनियस या लेखकाने एका शाळकरी मुलाबद्दल लिहून ठेवले: मुलगा धडधाकट, पण लघवी शाईसारखी काळी. पोर्तुगालमध्ये जन्मलेला आणि पुढे ॲम्स्टरडॅममध्ये वैद्यकी करणारा झाकुटुस लुसिटानुस याच्या 1649 मध्ये छापलेल्या लेखनात अशाच एका मुलाची हकिगत सापडते. चौदाव्या वर्षी या पोरावर उपचारांचा भडिमार झाला. रक्त काढले, जुलाब दिले, स्नाने झाली, पथ्ये लादली. लघवीचा रंग तसूभरही बदलला नाही. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला. मुलगा मोठा झाला, त्याने लग्न केले, त्याला पुष्कळ मुले झाली आणि तो दीर्घकाळ जगला. लघवी अखेरपर्यंत काळीच राहिली.

या हकिगतीने पुढच्या पिढ्यांच्या मनात एक समजूत पक्की केली की ही गोष्ट विचित्र आहे, पण तिच्यापासून काही अपाय नाही. त्या गृहस्थाचे गुडघे आणि पाठ म्हातारपणी कशी होती, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

1820च्या दशकात लंडनमध्ये अलेक्झांडर मार्सेट या वैद्याने एका बाळाच्या काळ्या पडणाऱ्या लघवीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर 1859 मध्ये जर्मनीत कार्ल बोडेकर या रसायनशास्त्रज्ञाने एका रुग्णाच्या लघवीत अल्कली मिसळून पाहिली. द्रव हवेतला प्राणवायू आधाशासारखा ओढून घेऊ लागला आणि काळा झाला. अल्कलीला भेटताच गटागटा पिणारा पदार्थ, म्हणून बोडेकरने ‘अल्कली’ या अरबी मुळाच्या शब्दाला ग्रीक क्रियापद जोडून त्याचे नाव ‘अल्काप्टोन’ ठेवले. आजाराला नाव मिळाले ते असे, रुग्णाच्या दुखण्यावरून नव्हे तर बाटलीतल्या द्रवाच्या वागण्यावरून.

सांध्यांची गोष्ट वेगळ्याच दाराने आत आली. 1866 मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो हा विकृतिशास्त्रज्ञ 67 वर्षांच्या एका माणसाचे शवविच्छेदन करत होता. निरोगी सांध्यातली कूर्चा, म्हणजे आपण बोलताना जिला ‘गुडघ्यातली गादी’ म्हणतो ती, मोत्यासारखी पांढरी, किंचित निळसर आणि तुळतुळीत असते. या माणसाच्या शरीरात जिथे जिथे कूर्चा होती तिथे तिथे ती काळी पडलेली होती. फिर्खोने तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर रंग काळा दिसेना. तो गेरूसारखा पिवळा-तांबूस दिसत होता. गेरूच्या ग्रीक नावावरून त्याने या अवस्थेला ‘ओक्रोनोसिस’ म्हटले. उघड्या डोळ्यांना शाई आणि भिंगाखाली गेरू, असा हा रंग होता. तो लघवीतल्या काळ्या रंगाचाच भाऊ आहे, हे फिर्खोच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

मधली कडी 1891 मध्ये वोल्कोव्ह आणि बाउमान या संशोधकांनी पुरवली. काळ्या पडणाऱ्या लघवीतला पदार्थ त्यांनी वेगळा काढला आणि त्याचे नाव होमोजेंटिसिक आम्ल ठेवले. डाळ, दूध, मांस, अंडी अशा प्रथिनयुक्त अन्नातून टायरोसिन नावाचे अमिनो आम्ल शरीरात येते. ते मोडत जाताना वाटेत हे आम्ल तयार होते आणि निरोगी शरीरात लगेच पुढे मोडूनही जाते. अल्काप्टोन्युरियात ते तिथेच अडते. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मध्य युरोपातल्या डॉक्टरांनी ओक्रोनोसिस आणि अल्काप्टोन्युरिया यांची सांगड घातली. 1904 मध्ये विल्यम ऑस्लर या डॉक्टरने तर जिवंत रुग्णांतच ती दाखवली. कानाच्या कुर्चेत निळसर झाक आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर करड्या-काळ्या ठिपक्यांची जोडी, अशा त्याच्या खुणा. शवविच्छेदनाची वाट न पाहता समोर बसलेल्या माणसाच्या कानाकडे पाहून त्याच्या सांध्यांचा अंदाज बांधता येऊ लागला.

या सगळ्यांत ज्याचे नाव वैद्यकाच्या इतिहासात सर्वांत मोठे झाले, तो लंडनचा डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड. त्याचे घरच सांध्यांच्या दुखण्यावर पोसलेले. वडील आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड हे गाउटचे नामांकित तज्ज्ञ. ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हा शब्दप्रयोग त्यांनीच रूढ केला, तोही 1859 मध्ये, म्हणजे बोडेकरने अल्काप्टोनचे नामकरण केले त्याच वर्षी. आर्चिबाल्डने स्वतः 1890 मध्ये संधिवातावर ग्रंथ लिहिला होता. अल्काप्टोन्युरियाने मात्र त्याला वेगळ्याच प्रश्नाकडे नेले.

लंडनमधल्या एका कुटुंबात काळी लघवी होणारी मुले होती आणि आईला पुन्हा दिवस गेले होते. तोवर अनेकांना वाटे की हा आतड्यातल्या जंतूंचा खेळ असावा, बाळाला कुठून तरी संसर्ग होत असावा. तसे असेल तर जन्मल्याबरोबर लघवी काळी व्हायला नको. गॅरॉडने परिचारिकेला बजावून ठेवले की बाळ जन्मल्यापासून प्रत्येक दुपट्यावर नजर ठेवायची. 1 मार्च 1901 रोजी बाळ जन्मले. तीन दिवस पुरे व्हायच्या आत दुपट्यावर ओळखीचा गडद डाग दिसला. इतक्या कोवळ्या बाळाला हा आजार बाहेरून लागणे शक्य नव्हते. तो बाळासोबतच आला होता.

मग त्याने आईवडिलांची चौकशी केली. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी निघाल्या. मावसभाऊ आणि मावसबहीण यांचे लग्न मराठी माणसाच्या कानाला खटकेल. आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक जुन्या काळापासून होत आली, मावशीच्या मुलीशी नाही. आनुवंशिकतेला मात्र हा भेद कळत नाही. कोणत्याही बाजूची सख्खी भावंडे असोत, त्यांच्या मुलांत सामाईक वारसा तितकाच असतो. गॅरॉडला दुसऱ्या कुटुंबांतही अशी नात्यातली लग्ने सापडली. मेंडेलचे आनुवंशिकतेचे विस्मृतीत गेलेले नियम 1900 मध्येच पुन्हा उजेडात आले होते. विल्यम बेटसन या जीवशास्त्रज्ञाने सुचवले की दोन्हीकडून एकेक दोष आला तरच उमटणारा हा गुण असावा. 13 डिसेंबर 1902 च्या ‘लॅन्सेट’मध्ये गॅरॉडचा निबंध आला. माणसाच्या एखाद्या आजाराला मेंडेलचे नियम लावण्याचा तो पहिला ठोस प्रयत्न. 1908 च्या व्याख्यानांतून आणि 1909 च्या पुस्तकातून त्याने पुढचे पाऊल टाकले. अन्न मोडण्याच्या साखळीतली एखादी कडी जन्मतःच गळलेली असू शकते, हा तो विचार. आज नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन डझनावारी जन्मजात दोष तपासतात, त्या सगळ्या शाखेचा उगम लंडनमधल्या त्या दुपट्यांत आहे.

तरीही एका बाबतीत गॅरॉडची नजर अपुरी पडली. त्याच्यासमोर आलेल्या रुग्णांत मुलांचा भरणा होता, आणि ती मुले खेळत होती, वाढत होती. त्याच्या लेखी ही रसायनातली एक वेगळी वाट होती, रंगाने चमत्कारिक आणि जवळजवळ निरुपद्रवी. त्याला दोष द्यायचे कारण नाही. हा आजार तिशीपर्यंत सहसा दुखतच नाही. त्यानंतर पाठ आखडू लागते, मणक्यांमधल्या चकत्या चुन्यासारख्या टणक होतात, उंची कमी होते, मग गुडघे, खुबे आणि खांदे यांची पाळी येते. 2002 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 58 रुग्णांच्या अभ्यासात पंचावन्नाव्या वर्षापर्यंत निम्म्यांचा निदान एक तरी सांधा बदलावा लागला होता. सांध्यांच्या वैद्याचा मुलगा, स्वतः संधिवातावर लिहिणारा, आणि त्याच्याच हातून इतिहासात गेलेला आजार मुळात सांध्यांचा निघाला.

हे कसे घडते ते समजायला निरोगी गादीजवळ थोडे थांबले पाहिजे. गुडघ्यातली कूर्चा जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीची. तिच्या वजनातला सत्तर-ऐंशी टक्के भाग पाणी. कोलॅजनच्या बारीक दोऱ्यांची जाळी आणि त्या जाळीत पाणी घट्ट धरून ठेवणारी प्रथिन-साखरेची मोठी रेणूजुळणी, एवढाच तिचा संसार. तिच्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. साधे चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तो आला की आतले पाणी दाबले जाते, पण जाळीतून त्याला चटकन बाहेर पडता येत नाही, आणि हे कोंडलेले पाणीच बहुतेक भार पेलते. भार उतरला की गादी पुन्हा फुगते. पृष्ठभाग असा गुळगुळीत की बर्फावर बर्फ घसरावा त्याहून कमी घर्षण. ही लवचीकता सगळी त्या दोऱ्यांच्या ताणावर आणि पाण्याच्या जोरावर उभी आहे.

आता यात होमोजेंटिसिक आम्ल मुरू लागते. रुग्णाच्या लघवीतून दिवसाला काही ग्रॅम आम्ल बाहेर पडते, म्हणजे मूत्रपिंडे ते जोमाने उपसत असतात. तरीही थोडे रक्तात राहतेच, आणि तेही दशकानुदशके. प्राणवायूच्या संगतीने त्याचे रूप बदलते, रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचे काळे रंगद्रव्य कोलॅजनच्या दोऱ्यांना धरून बसते. कोल्हापूरकडे कातडे कमावणाऱ्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कातडे मुरवले की त्यातली द्रव्ये कोलॅजनला घट्ट धरतात, कातड्याचा रंग पालटतो आणि ते कुजेनासे होते. तुलना पुरती जुळत नाही, हे खरे. कमावलेले कातडे वाकते. काळी पडलेली कूर्चा मात्र आधी ताठरते आणि मग ठिसूळ होते. 2011 मध्ये केंब्रिज आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी एका रुग्णाच्या काळ्या कुर्चेची अणुपातळीवर तपासणी केली, तेव्हा कोलॅजनच्या रेणूंची नीटस मांडणीच विस्कटलेली दिसली. रंग हा वरचा लेप नव्हता. ज्या दोरीवर सगळी लवचीकता उभी, ती दोरीच बदलली होती.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे डोळ्यांनी दिसते. नेहमीचीच झीज समजून शल्यविशारद गुडघा उघडतो आणि समोर आबनुसासारखा काळा, चकचकीत थर येतो. कित्येक रुग्णांचे निदान अशा वेळीच झाले आहे. निरोगी गादी बोटाने दाबली की किंचित दबते. ही दबत नाही. तिचे कपचे निघतात आणि धारदार कडांचे ते काळे तुकडे सांध्याच्या अस्तरात रुतून बसतात. भाजलेल्या पापडाचा तुकडा मोडावा तशी तिची मोडण्याची रीत.

लिव्हरपूल विद्यापीठात जिम गॅलाघर, ॲडम टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बदललेल्या सांध्यांचे तुकडे थरांथरांनी तपासले. त्यांच्या हाती आलेला क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. रंग वरून खाली येत नाही, खालून वर चढतो. सर्वांत आधी तो दिसतो हाडाला चिकटलेल्या, चुना भरलेल्या खोल थरात. तिथल्या एकेकट्या पेशींभोवती आणि एकेकट्या दोऱ्यांवर. निरोगी कोलॅजनवर संरक्षक रेणूंचे वेष्टन असते. भाराने आणि वयाने ते झिजले, दोरा उघडा पडला, की रंगद्रव्याला तिथे जागा मिळते, असा त्यांचा तर्क आहे. एक थर ताठरला की भार विषम विभागला जातो, शेजारच्या भागावर ताण येतो, तिथले वेष्टन झिजते आणि रंग तिकडे सरकतो.

सगळ्यात धक्कादायक चित्र हाडाचे होते. ताठरलेली गादी भार स्वतःच अडवून धरते आणि तिच्या खालच्या हाडाला काम उरत नाही. ज्या हाडावर भार येत नाही ते शरीर कुरतडून टाकते. अंतराळवीरांची हाडे याच कारणाने विरळ होतात. काही सांध्यांत गादीखालची हाडाची पाटी जवळजवळ पूर्ण नाहीशी झालेली आढळली. काळा थर मग निराधार लोंबकळत राहतो, आणि एखाद्या साध्या पावलाने तडकतो.

या आजाराच्या संशोधनामागे एका छोट्या देशाची मोठी मेहनत आहे. स्लोव्हाकियात हा आजार सुमारे एकोणीस हजारांत एकाला होतो. डोंगराळ भागातली तुटक खेडी, शतकानुशतके आपसातच होणारी लग्ने, हे त्याचे एक कारण. पण सगळ्यांना एकाच पूर्वजाकडून एकच दोष आला असेल, हा सोपा अंदाज चुकला. त्या चिमुकल्या देशात एकाच जनुकातले अनेक वेगवेगळे बिघाड सापडले आहेत, आणि ते सगळे तिथेच का एकवटले याचा शोध जाणकारांना आजही खुणावतो.

तिथले पिएश्त्यानी हे गाव गरम झऱ्यांसाठी आणि गंधकयुक्त चिखलाच्या लेपासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. गावातल्या पुलाच्या तोंडाशी, गुडघ्यावर कुबडी मोडणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. सांधे धरलेली माणसे याच आशेने तिथे येत. याच गावात संधिवाताची संशोधन संस्था उभी राहिली. तिचे संस्थापक श्टेफान सिट्याय यांनी सहकाऱ्यांसह अल्काप्टोन्युरियावर 1956 मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे काही लाख लोकांची लघवी तपासली गेली, घराण्यांच्या वंशावळी जमवल्या गेल्या. प्रयोगशाळेतल्या एका देखण्या शोधापेक्षा हे खेडोपाडी केलेले काम कमी मोलाचे नाही. पुढे औषधाची परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा पुष्कळ रुग्ण मिळाले ते त्यामुळेच.

दोषाची नेमकी जागा टप्प्याटप्प्याने उघड झाली. 1958 मध्ये अमेरिकेत बर्ट ला ड्यू आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाच्या यकृतात होमोजेंटिसिक आम्ल मोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, नसतेच. गॅरॉडने अर्धशतकापूर्वी बांधलेला कयास अक्षरशः खरा ठरला. 1996 मध्ये माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी त्या विकराचे जनुक शोधले, आणि तेही आधी एका बुरशीत, ॲस्परगिलसमध्ये; तिथून ओळख पटवत ते माणसापर्यंत पोहोचले.

औषध आले ते बागेतून. पुण्या-मुंबईच्या बागांत लाल तुरे लोंबणारे बॉटलब्रशचे झाड सगळ्यांनी पाहिलेले असते. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की या झाडाखाली तण फारसे उगवत नाही. झाडातल्या द्रव्यावरून तणनाशके बनवायला सुरुवात झाली आणि त्याच कुळातले निटिसिनोन हे टायरोसिन मोडण्याच्या साखळीत होमोजेंटिसिक आम्लाच्या एक पायरी आधी अडसर घालते, असे दिसले. 1990 च्या दशकारंभी स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ते टायरोसिनच्याच एका जीवघेण्या बालरोगावर वापरले आणि मुले वाचली. अल्काप्टोन्युरियासाठी लिव्हरपूल, पिएश्त्यानी आणि पॅरिस इथे 138 रुग्णांवर चार वर्षे चाचणी चालली. प्रा. रंगनाथ यांच्या नेतृत्वाखालच्या या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. रोज 10 मिलिग्रॅम औषधाने लघवीतले आम्ल 99 टक्क्यांहून जास्त घटले आणि आजाराची वाटचाल मंदावली. त्याच वर्षी युरोपात प्रौढ रुग्णांसाठी औषधाला मान्यता मिळाली. औषधाने रक्तातले टायरोसिन वाढते, त्याचा त्रास काहींच्या डोळ्यांना होतो, म्हणून प्रथिनांचे पथ्य आणि डोळ्यांची तपासणी सोबत लागते.

हा आजार फक्त युरोपाचा नाही. तमिळनाडूतल्या नरिकुरवर या भटक्या समाजात तो वारंवार आढळतो, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या रुग्णांत एकाच पूर्वजाकडून आलेला जनुकदोष सापडला. समाज लहान, लग्ने समाजातच, आणि दवाखाना दूर. नात्यातली लग्ने आपल्याकडेही अजून होतात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत अधूनमधून काळ्या गुडघ्याचा एखादा रुग्ण छापून येतो, आणि बहुतेकदा निदान होते ते सांधा उघडल्यावर.

निटिसिनोन नवा रंग चढू देत नाही. जी कूर्चा काळी पडून ताठरली ती त्याने पुन्हा मऊ होत नाही. प्रौढपणी कुर्चेतले कोलॅजन जवळजवळ बदललेच जात नाही, त्यामुळे एकदा बसलेला रंग बसलाच. म्हणून बाळाचे दुपटे वाळताना काळे पडत असेल, किंवा साबण लावल्यावर डाग गडद होत असेल, तर ते फेकून देऊ नये. तेच दुपटे घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि लघवीतले होमोजेंटिसिक आम्ल तपासून घ्यावे. आणि ज्या शल्यविशारदाला गुडघा उघडल्यावर काळी गादी दिसेल, त्याने सांधा बदलून थांबू नये. त्या रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावाला आणि बहिणीला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक असते.